थांबलेला फोर्क आणि तुटलेले गुणसूत्र: पेशी आधी काय वाचवते?

येथे वडोदऱ्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: डीएनएची प्रतिकृती होताना मध्ये अडथळा आला, तर पेशी थांबते आणि दुरुस्ती करते, असे पुस्तकात आहे. थांबणे जर सुरक्षित असेल, तर हायड्रॉक्सियुरिया किंवा मायटोमायसिन ही प्रतिकृती अडवणारी औषधे दिल्यावर स्लाइडवर तुटलेली गुणसूत्रे का दिसतात? आणि अडकलेल्या प्रतिकृतीपासून तुटलेल्या गुणसूत्रापर्यंत गोष्ट पोहोचते तरी कशी?

मी याच शहरात सुमारे तीस वर्षे गुणसूत्र तपासणीचे काम करीत आहे. रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ७२ तास वाढवायच्या, कोल्सेमिड घालून त्यांचे विभाजन मध्यावस्थेत रोखायचे, स्लाइड करायची आणि एकेक गुणसूत्र पाहत, मोजत बसायचे, हा माझा रोजचा व्यवसाय. त्यामुळे माझे उत्तर सूक्ष्मदर्शकाच्या बाजूने येणार, हे आधीच सांगून ठेवते. तुमच्या प्रश्नात ‘थांबणे म्हणजे बिघाड आणि दुरुस्ती म्हणजे तो बिघाड काढून टाकणे’ असे एक गृहीतक दडलेले आहे, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रतिकृती थांबणे ही पेशीच्या दृष्टीने रोजचीच बाब आहे. गुणसूत्र तुटते ते थांबण्यामुळे नव्हे. थांबलेली जागा उघडी पडल्यामुळे, किंवा तिचे काम अर्धवट असतानाच विभाजनाची वेळ येऊन ठेपल्यामुळे ते तुटते. म्हणून पेशीचे पहिले काम अडथळा काढणे हे नसून थांबलेली जागा सांभाळून ठेवणे हे आहे. अडथळा पुष्कळदा नंतर, सवडीने काढला जातो.

आधी कामाचा आवाका लक्षात घ्या. माणसाच्या एका पेशीतील दोन्ही संचांचे मिळून ६०० कोटींहून अधिक बेस जोड्यांचे प्रतिकरण साधारण ८ तासांच्या एस-टप्प्यात, म्हणजे पेशीच्या चक्रातील प्रतिकृतीच्या टप्प्यात, पुरे व्हावे लागते. प्रतिकृतीची यंत्रणा मात्र मिनिटाला १००० ते २००० बेस इतक्याच वेगाने सरकते. आपले सर्वांत मोठे, म्हणजे पहिले गुणसूत्र सुमारे २५ कोटी बेस जोड्यांचे आहे. एकाच यंत्रणेने एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे ठरवले, तर जवळजवळ चार महिने लागतील. म्हणून काम हजारो ठिकाणी एकाच वेळी सुरू होते. प्रत्येक प्रारंभस्थानापासून दोन विरुद्ध दिशांना दुहेरी धागा उलगडत जातो, आणि उलगडण्याच्या जागी झाडाच्या फांदीच्या बेचक्यासारखा जो आकार तयार होतो त्यालाच आपण प्रतिकृतीचा फोर्क म्हणतो. बेचक्याच्या सांध्यावर एमसीएम प्रथिनांचे कडे असलेले हेलिकेज बसलेले असते. ते पुढे धागे सोडवत जाते आणि त्याच्या मागोमाग पॉलिमरेज विकरे (एन्झाइम) नवे धागे विणत येतात, त्यांतला एक सलग आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी.

फोर्क कशाने थांबतो, याची यादी लांब आहे, पण त्यातली काही कारणे समजून घेणे पुरेसे आहे. उन्हातील अतिनील किरणांनी शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात आणि पॉलिमरेजला तो साचा वाचता येत नाही. ग्वानिनने समृद्ध भागात डीएनएची स्वतःशीच चौपदरी घडी बसते. जनुकाचे वाचन करणारी यंत्रणा समोरून येऊन धडकते. न्यूक्लिओटाइडचा पुरवठा तुटतो, आणि हायड्रॉक्सियुरिया नेमके हेच करते: रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या विकराला अडवून ते कच्चा मालच बंद करते. मायटोमायसिनची तऱ्हा निराळी आहे; ते दोन्ही धाग्यांना एकमेकांशी रासायनिक टाका घालते, त्यामुळे हेलिकेजला ते सोडवताच येत नाहीत. तुमच्या प्रश्नात ही दोन औषधे एकत्र आली आहेत, पण पेशीपुढे ती अगदी वेगळे प्रश्न उभे करतात, आणि स्लाइडवर त्यांच्या खुणाही वेगळ्या दिसतात.

पॉलिमरेज अडते पण हेलिकेज लगेच अडत नाही, तेव्हा काय होते ते पाहा. हेलिकेज पुढे जात राहते आणि मागे एकेरी, उघडा धागा वाढत जातो. एकेरी डीएनए नाजूक असतो; त्याला कापणारी विकरे केंद्रकात कायमच हजर असतात. म्हणून आरपीए नावाचे प्रथिन त्याला तत्काळ लपेटून घेते. हे लपेटणे संरक्षण आहे आणि संदेशही आहे. आरपीएने झाकलेला लांब एकेरी धागा दिसला की त्यावर एटीआर हे विकर आपल्या साथीदारासह येऊन बसते, जागे होते आणि सीएचके१ या दुसऱ्या विकराला जागे करते. हे दोघे मिळून पेशीला विभाजनाकडे जाण्यापासून रोखतात, अडलेल्या फोर्कांना स्थिर ठेवतात आणि ज्या प्रदेशांत प्रतिकृती अजून सुरू झालेली नाही तिथली प्रारंभस्थाने तूर्त बंद ठेवतात.

या शेवटच्या गोष्टीचे कारण मला स्वतःला फार वर्षे नीट समजले नव्हते. संकट आले असताना नवी कामे सुरू करू नयेत, एवढा ढोबळ अर्थ मी लावत असे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामाने त्यामागचा हिशेब दाखवून दिला. पेशीतील आरपीएचा साठा मर्यादित असतो. एटीआरला अडवले, तर नवी प्रारंभस्थाने बेछूट उघडतात, प्रत्येक नवा फोर्क तसाच अडतो, प्रत्येक ठिकाणी एकेरी धागा उघडा पडतो आणि काही वेळाने आरपीए संपते. ते संपण्याच्या क्षणापर्यंत फोर्क टिकून असतात. त्यानंतर मात्र केंद्रकभर एकदमच धागे तुटू लागतात. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा आपला जुना शहाणपणा एटीआरच्या कामाला शब्दशः लागू पडतो, कारण इथे अंथरूण म्हणजे आरपीए, आणि ते पुरेल इतकेच फोर्क उघडे ठेवायचे असतात.

तुमच्या प्रश्नातील हायड्रॉक्सियुरियाचा भाग इथे बराचसा सुटतो. प्रयोगशाळेत २ ते ४ मिलिमोलर मात्रा एक-दोन तास दिली आणि औषध धुऊन काढले, तर बहुसंख्य फोर्क जिथे थांबले होते तिथूनच पुन्हा चालू लागतात आणि तुटलेले काही दिसत नाही. तीच मात्रा २४ तास ठेवली तर जुने फोर्क परत सुरू होत नाहीत, दुहेरी धागे तुटतात, आणि औषध काढल्यावर प्रतिकृती पुढे सरकते ती प्रामुख्याने नव्या प्रारंभस्थानांवरून. औषध एकच आणि मात्राही एकच, फरक पडतो तो वेळेचा. तुम्ही तुमच्या प्रयोगात हायड्रॉक्सियुरिया किती तास ठेवले, हे प्रश्नात लिहिलेले नाही. ते लिहिले असते तर अर्धे उत्तर तुम्हाला स्वतःलाच सापडले असते.

याच औषधाबद्दल इथे एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. वडोदऱ्याच्या पूर्वेला छोटा उदेपूर, नर्मदा या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांना हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यावे लागते. त्याने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते आणि वेदनेचे झटके कमी होतात. रुग्णाच्या रक्तात या औषधाची जी पातळी असते, ती आपल्या फ्लास्कमधील मात्रेच्या मानाने पुष्कळ कमी असते, आणि ती सतत टिकूनही राहत नाही. तुमच्या प्रबंधात ‘हायड्रॉक्सियुरियाने गुणसूत्रे तुटतात’ असे वाक्य मात्रा आणि वेळ न सांगता लिहू नका. असे वाक्य कोणाच्या तरी घरी पोहोचते आणि कोणीतरी गोळी बंद करते.

आता वेळ या मुद्द्याकडे वळते, कारण एकाच जागी थांबून राहणे काही ठिकाणी का परवडत नाही, हे त्यातून समजते. जिवाणूत एकच प्रारंभस्थान असते. ई. कोलायच्या सुमारे ४६ लाख बेस जोड्यांसाठी फक्त दोन फोर्क निघतात आणि ४० मिनिटांत वर्तुळाच्या पलीकडे भेटतात. त्यातला एक कायमचा कोसळला तर पुढचा भाग पुरा करायला दुसरे फारसे कोणी नसते, म्हणून प्रायए सारखी प्रथिने कोसळलेल्या फोर्कवर यंत्रणा पुन्हा चढवतात. जिवाणूला ते जमलेच पाहिजे. आपल्या पेशीत एक फोर्क अडला तर समोरून येणारा शेजारी फोर्क त्याचा भाग पुरा करतो. धोका उभा राहतो तो समोरासमोर येणारे दोन्ही फोर्क अडले तर.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा ज्यांच्या एका बाजूचा रस्ता बुडाला ते दुसऱ्या बाजूने बाहेर पडू शकत होते. दोन्ही बाजूंचे रस्ते ज्यांचे गेले ते मध्ये अडकले. त्यांच्याकडे आत आधीपासून एखादी होडी असती तर गोष्ट वेगळी होती. पेशी ही होडी आधीच आत ठेवून देते. जी१ टप्प्यात, म्हणजे एस-टप्प्याच्या आधी, एमसीएमची कडी गरजेपेक्षा कितीतरी अधिक ठिकाणी डीएनएवर चढवून ठेवलेली असतात. त्यांपैकी बहुतेकांना कधी कामच पडत नाही. शेजारून फोर्क येतो आणि त्यांना ढकलून पुढे जातो. पण दोन अडलेल्या फोर्कांच्या मध्ये असे एखादे झोपलेले प्रारंभस्थान असेल, तर ते जागे होऊन मधला भाग पुरा करते. एटीआर दूरची प्रारंभस्थाने बंद ठेवते, पण अडलेल्या फोर्काच्या आसपासची ही स्थाने चालू होऊ देते. एस-टप्पा सुरू झाल्यावर मात्र नवे कडे चढवता येत नाही. तशी मुभा असती तर एकच भाग दोनदा प्रतिकृत होण्याचा धोका होता. म्हणजे होडी पुराच्या आधीच ठेवलेली असली पाहिजे. गुणसूत्राच्या ज्या प्रदेशांत ही कडी मुळातच विरळ असतात, तिथे पुढे काय होते, ते खाली येईलच.

साच्यावर एखादा बेस बिघडलेला असेल, तर पेशीकडे दोन झटपट उपाय असतात. एक म्हणजे पॉलिमरेजला धाग्यावर धरून ठेवणाऱ्या पीसीएनए या कड्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावून नेहमीच्या पॉलिमरेजऐवजी थोडे ढिलाईने काम करणारे पॉलिमरेज बोलावणे. पॉलिमरेज ईटा चिकटलेल्या थायमिन जोडीसमोर बरोबर दोन अडेनिन बसवून पुढे जाते. त्याच्या अभावी झिरोडर्मा पिग्मेंटोसम या, त्वचेला ऊन न सोसणाऱ्या आनुवंशिक रोगाचा एक प्रकार होतो, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. दुसरा उपाय म्हणजे अडथळ्याच्या पुढे नवा प्रारंभिक तुकडा टाकून पुढे निघून जाणे आणि मागे राहिलेली फट नंतर भरणे. दोन्ही उपायांत बिघाड तसाच मागे राहतो. फोर्क तेवढा सुटतो.

तिसरा मार्ग मला सर्वांत विलक्षण वाटतो, म्हणून त्यावर थोडी रेंगाळते. फोर्क मागे सरकतो. नुकतेच विणलेले दोन नवे धागे आपापल्या साच्यावरून सुटतात, एकमेकांना जोडले जातात, आणि मूळचे दोन जुने धागे पुन्हा एकत्र मिटतात. तीन फाट्यांच्या बेचक्याला अशा रीतीने चौथा फाटा फुटतो, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो स्पष्ट दिसतो. असे घडत असावे, ही कल्पना १९७६ मध्ये मांडली गेली. पण २००२ मध्ये यीस्टमधील कामात असे उलटलेले फोर्क नियंत्रक विकर गमावलेल्या पेशींमध्येच ठळकपणे दिसले, त्यामुळे बरीच वर्षे ही एक विकृती मानली गेली. मानवी पेशींमध्ये मात्र निरनिराळ्या प्रकारचा ताण दिल्यावर, पेशी निरोगी असतानाही, फोर्क मोठ्या संख्येने उलटतात आणि ताण गेल्यावर सरळ होतात, असे पुढे दिसून आले. उलटण्याने बिघडलेला बेस पुन्हा दुहेरी धाग्यात जातो, म्हणजे नेहमीच्या दुरुस्ती यंत्रणेला तो गाठता येतो, आणि मुख्य म्हणजे उघडा एकेरी धागा मिटतो. स्मार्कल१, झेडआरएएनबी३, एचएलटीएफ ही प्रथिने फोर्क उलटवतात, त्यांना रॅड५१ची जोड लागते, आणि पुढे रेकक्यू१सारखे हेलिकेज त्याला पुन्हा सरळ करते.

उलटलेल्या फोर्काला एक दुखरी बाजू असते. नवा फुटलेला चौथा फाटा म्हणजे डीएनएचे एक मोकळे टोक असते, आणि मोकळे टोक दिसले की एमआरई११ हे विकर ते कुरतडू लागते. थोडे कुरतडणे उपयोगाचेही असते, पण ते आवरावे लागते. हे आवरण्याचे काम बीआरसीए२ करते. ते रॅड५१ची तंतुमय साखळी त्या टोकावर पक्की बसवते. २०११ मध्ये हे ज्या पद्धतीने दाखवले गेले, ती तुम्हाला करून पाहता येण्याजोगी आहे: पेशींना आधी एका आणि मग दुसऱ्या खुणेचे न्यूक्लिओटाइड द्यायचे, मग हायड्रॉक्सियुरियाने फोर्क थांबवायचे, डीएनएचे तंतू काचेवर ताणून पसरायचे आणि दोन रंगांच्या रेषांची लांबी मोजायची. बीआरसीए२ नसलेल्या पेशींमध्ये थांबण्यापूर्वी विणलेल्या रेषाच आखूड झालेल्या दिसतात, म्हणजे झालेले काम नाहीसे झालेले असते. स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशी निगडित म्हणून आपण जे जनुक ओळखतो, त्याचे हे दुसरे काम आहे, आणि तुटलेले जोडण्याचे त्याचे प्रसिद्ध काम यापासून वेगळे आहे. एक तुटल्यानंतरचे, दुसरे तुटू नये म्हणूनचे. तुमच्या पुस्तकातील प्रकरणात पहिलेच तेवढे असण्याची शक्यता आहे, आणि माझ्या मते तुमचा गोंधळ या एका वगळण्यातून झालेला आहे.

इतके सारे असूनही फोर्क कोसळतो, तेव्हा त्याचा अर्थ काय? हेलिकेज आणि पॉलिमरेज आपल्या जागेवरून सुटतात, किंवा बेचक्याचा सांधाच कापला जातो. साच्यात आधीच एखादी चीर असेल आणि फोर्क तिच्यावरून गेला तरी हेच होते. यातून जे तुटणे उद्भवते, त्याला एकच टोक असते. क्ष-किरणांनी दुहेरी धागा तुटला, तर दोन टोके समोरासमोर उरतात आणि ती पुन्हा जोडता येतात. फोर्क तुटतो तेव्हा एक भुजा निखळून पडते आणि तिला जोडीदार टोकच नसते. योग्य उपाय म्हणजे त्या टोकाने शेजारच्या अखंड भगिनी धाग्यात, म्हणजे त्याच डीएनएच्या दुसऱ्या प्रतीत, शिरून, समान क्रम शोधून, तिथून फोर्क पुन्हा उभा करणे. हे शोधण्याचे कामही रॅड५१ आणि बीआरसीए२ यांचेच आहे. टोकाला टोक जोडणारी घाईची यंत्रणा इथे शिरली, तर ती त्या एकट्या टोकाला दुसऱ्या कुठल्यातरी गुणसूत्राच्या एकट्या टोकाशी जोडून टाकते.

हेच चुकीचे जोडणे मायटोमायसिनच्या चाचणीत डोळ्यांना दिसते. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्विदो फँकोनी यांनी १९२७ मध्ये वर्णन केलेल्या रक्तक्षयात मुलांच्या रक्तपेशी कमी होत जातात, पुष्कळदा अंगठ्यात किंवा पुढच्या हातात व्यंग असते, त्वचेवर डाग असतात. निदानासाठी त्या मुलाच्या लिम्फोसाइटमध्ये मायटोमायसिन किंवा डायइपॉक्सीब्युटेन घालतात. निरोगी पेशीत दोन धाग्यांमधील टाक्याच्या दोन्ही बाजूंनी फोर्क येऊन थांबतात. हेलिकेज तिथून उतरवले जाते, नवा धागा टाक्याच्या अगदी लगतच्या बेसपर्यंत येतो, फँकोनी गटातील प्रथिने एफएएनसीडी२ आणि एफएएनसीआय यांच्यावर युबिक्विटिन बसवतात, आणि मग एक्सपीएफ हे विकर एका धाग्यावर दोन्ही बाजूंनी काप देऊन टाका मोकळा करते. एका बाजूला ढिलाईचे पॉलिमरेज उरलेल्या तुकड्यावरून धागा ओढून नेते. दुसऱ्या बाजूला तुटलेला धागा रॅड५१च्या मदतीने त्याच भगिनीवरून पुरा होतो. इथे लक्षात घ्या की पेशी स्वतःहून काप देते. हा काप क्रमाने आणि पुढची तयारी असताना दिला जातो, म्हणून तो निभतो. फँकोनीच्या रुग्णात हा क्रम मोडलेला असतो. फोर्क बेवारस पडून राहतो, नको तिथे कापला जातो आणि टोके नको त्याला जाऊन चिकटतात. मध्यावस्थेत तीन किंवा चार हातांची, चांदणीसारखी जोडगुणसूत्रे दिसतात. आम्ही त्यांना रेडियल म्हणतो.

अशी पहिली स्लाइड मी पाहिली तेव्हा माझ्या कामाला दोन-तीनच वर्षे झाली होती. चार-पाच वर्षांच्या मुलाचा नमुना होता, आणि घरचे लोक मराठीच, पिढ्यान्‌पिढ्या दांडिया बाजाराकडे राहणारे. कंट्रोलच्या ५० पेशींमध्ये एखाददुसरी खूण होती. मुलाच्या स्लाइडवर जवळजवळ प्रत्येक पेशीत रेडियल. मुलाच्या आजींनी मला विचारले होते की आमच्या घरात कोणी असे औषध घेतलेच नाही, मग हे टाके आले कुठून. त्या वेळी मला सरळ उत्तर देता आले नव्हते. आज देता येते: आपल्या स्वतःच्या चयापचयात तयार होणारी फॉर्माल्डिहाइड आणि असिटाल्डिहाइडसारखी आल्डिहाइडे डीएनएला याच प्रकारची इजा करतात, आणि अस्थिमज्जेतील मूळ पेशींना ती विशेष बाधते. मायटोमायसिन फक्त ते नित्याचे ओझे वाढवून दाखवते.

आता राहिला तो भाग, जो माझ्या व्यवसायाने सर्वांत उशिरा शिकला. १९८४ पासून हे ठाऊक आहे की अफिडिकोलिन हे पॉलिमरेजला अडवणारे रसायन अगदी थोड्या मात्रेत दिले, पॉलिमरेज फक्त मंदावले पण बंद पडले नाही, तर गुणसूत्रांवर काही ठरावीक जागीच फटी दिसतात. तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील एफआरए३बी ही त्यांतली सर्वांत परिचित. या जागांना आपण नाजूक स्थाने म्हणतो. त्यांतल्या पुष्कळ जागी फार लांब जनुके आहेत. एफआरए३बी मधील एफएचआयटी सुमारे १५ लाख बेस जोड्यांचे आहे. मिनिटाला २००० ते ४००० बेस या वेगाने त्याचे एक वाचन पुरे व्हायला सहा ते बारा तास लागतात, म्हणजे वाचन करणारी यंत्रणा रुळावर असतानाच प्रतिकृतीची गाडी येते. त्यातच तिथे प्रारंभस्थाने विरळ, आणि प्रतिकृती एस-टप्प्याच्या अगदी शेवटी. पुराच्या उपमेत बोलायचे तर दोन्ही रस्ते लांबचे आणि आत होडी नाही.

तर विभाजन सुरू होते आणि हा तुकडा अजून अर्धवटच असतो. अडलेल्या फोर्कांची संख्या थोडी असल्याने एटीआरचा इशारा विभाजन रोखण्याइतका मोठा नसतो, असे दिसते. मला शिकवले गेले होते की अशा जागी गुणसूत्र ताणाने तुटते आणि आपण ते नुकसान म्हणून मोजायचे. २०१३ ते २०१६ या काळातील कामांनी हे चित्र पालटले. पेशी पूर्वावस्थेत शिरताच एमयूएस८१ हे विकर त्या अर्धवट फोर्कांना मुद्दाम कापते, आणि रॅड५२च्या साह्याने तिथे शेवटच्या घटकेला डीएनएचे विणकाम सुरू होते, तेही विभाजन चालू असताना. खुणेचा न्यूक्लिओटाइड घातला तर मध्यावस्थेतील फटीच्या जागीच तो बसलेला दिसतो. एमयूएस८१ काढून टाकले तर स्लाइडवरील फटी कमी होतात, पण पेशींची स्थिती अधिक वाईट होते: दोन कन्या केंद्रकांमध्ये डीएनएचे अतिसूक्ष्म पूल ताणलेले राहतात, गुणसूत्रे नीट वेगळी होत नाहीत. म्हणजे ज्या फटीला मी वर्षानुवर्षे इजा म्हणून नोंदत आले, ती निदान अंशतः पेशीने स्वतः केलेल्या दुरुस्तीची जागा होती. स्वच्छ स्लाइड म्हणजे सुरक्षित पेशी, असे नेहमीच नसते, हे स्वीकारायला मला वेळ लागला.

जे विभाजनातही पुरे होत नाही, ते कन्यापेशींकडे जाते. तिथे जी१ टप्प्यात ५३बीपी१ हे प्रथिन त्या जागेभोवती गोळा होऊन तिला झाकून ठेवते, म्हणजे टोके कुरतडली जाऊ नयेत. खरी दुरुस्ती पुढच्या एस-टप्प्यात होते. मी आरंभी सांगितले तेच इथेही दिसते: आधी झाकणे, मग जोडणे.

तुमच्या प्रयोगाबद्दल. हायड्रॉक्सियुरिया आणि मायटोमायसिन यांचे आकडे एकाच रकान्यात लिहू नका. क्रोमॅटिडच्या (गुणसूत्राच्या दोन जुळ्या धाग्यांपैकी एकाच्या) जाडीपेक्षा कमी रुंदीची आणि दोन्ही बाजू एका रेषेत असलेली फट ही फट म्हणून, आणि तुकडा सरकलेला असेल तर तुटणे म्हणून, वेगळी नोंदवा. रेडियल तिसऱ्या रकान्यात. औषध किती वेळ होते आणि ते धुतल्यापासून पेशी गोळा करेपर्यंत किती तास गेले, हे प्रत्येक स्लाइडवर लिहा, कारण पेशी आठ तासांनी गोळा केल्या की चोवीस तासांनी, यावर तुम्ही कोणत्या टप्प्यात अडलेला फोर्क पाहत आहात हे ठरते. स्लाइड शक्यतो एकाच दिवसात करा. मे महिन्यातील कोरड्या उन्हाळ्यात स्लाइड झटपट वाळून गुणसूत्रे एकमेकांवर चढतात; जुलैच्या दमट हवेत ती इतकी पसरतात की काही पेशीबाहेरच निघून जातात, आणि मग हरवलेला तुकडा औषधाने तोडला की हवेने उडवला, हे सांगता येत नाही. कंट्रोलची स्लाइड त्याच दिवशी, त्याच हाताने केलेली असू द्या, आणि मोजणाऱ्याला कोणती स्लाइड कशाची आहे ते कळू देऊ नका.